बावीस जणांना सुगंधाची आवड

मी मास्तर झालो तो विद्वत्तेच्या जोरावर नव्हे. आमचा जिल्हा हैदराबादेकडून निघून मुंबई राज्याला जोडला गेला, गावोगाव हायस्कुलं निघाली आणि मास्तर मिळेनात. मी इंटरला एकदा आपटलो होतो आणि दुसऱ्यांदा आपटायच्या तयारीत होतो. तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, की नळदुर्गच्या अलीकडं सडकेवरच्या एका गावात हायस्कूल आहे, तिथं मराठी लिहिता येणारा माणूस पाहिजे. मला मराठी लिहिता येत होतं. किंबहुना, तेवढंच येत होतं. माझं अक्षर फार सुरेख होतं. आयुष्यात मी जे जे घोटाळे केले ते सगळे सुवाच्य आहेत.

नेमणूक कच्ची होती. एक वर्ष काम बघायचं, इन्स्पेक्टर साहेबांनी येऊन चांगला शेरा दिला तर कायम, नाही तर बिस्तरा गुंडाळून तुळजापूरला घरी. घरी वडील पूजाअर्चेचं काम बघत आणि आपल्यामागं आपला मुलगा गाभाऱ्यात उभा राहील ही आशा त्यांनी अजून सोडलेली नव्हती. शिवाय तहसील कचेरीतल्या एका कारकुनाच्या मुलीचं माझ्यासाठी बघणं चाललं होतं. कारकून सावध माणूस होता. "पोरगा बरा आहे," तो म्हणाला होता, "पण कायम झाल्यावर बोलू." तेव्हा त्या एका शब्दावर माझं सगळं अडून बसलं होतं.

जूनमध्ये शाळेत एक जाड नोंदवही आली. बरोबर एक परिपत्रक होतं. त्यात म्हटलं होतं, की केवळ परीक्षेच्या गुणांवरून मूल कळत नाही. म्हणून यापुढं प्रत्येक विद्यार्थ्याची सचोटी, सेवाभाव, धैर्य, नेतृत्व आणि विशेष आवड यांची दरमहा नोंद ठेवावी. ते वाचून मला गहिवरून आलं. परीक्षेच्या गुणांवरून माणूस कळत नाही, हे मी घरी वडिलांना तीन वर्षं सांगत होतो. आता तेच सरकार म्हणत होतं.

हेडमास्तर जुन्या राजवटीत उर्दूतून शिकलेले. मिशा पांढऱ्या, टोपी काळी, आणि कुठलाही कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरून वाचायची सवय. त्यांनी परिपत्रक वाचलं, नोंदवही माझ्याकडं सरकवली आणि म्हणाले, "तुमचं अक्षर चांगलं आहे. ही तुमची. एक लक्षात ठेवा मियाँ, खाना रिकामा ठेवायचा नाही. सरकारला रिकामा खाना दिसला की भूक लागते."

माझ्याकडं नववीचा वर्ग होता. एक्केचाळीस जण. त्यांत चार मुली, पुढच्या बाकावर. मी अगदी मनापासून कामाला लागलो, हे मला इथं नमूद केलं पाहिजे, कारण पुढं माझ्या बाजूचं नमूद करण्यासारखं फारसं काही येणार नाही.

पहिल्यांदा सचोटी मोजली. वर्गात विचारलं, "जो नेहमी खरं बोलतो त्यानं हात वर करा." चाळीस हात वर गेले. एक पोरगं तसंच बसून राहिलं. मला वाटलं, सापडला. आपण खोटं बोलतो हे जो कबूल करतो, त्याच्याइतका सच्चा कोण? मी त्याच्यापुढं 'सचोटी: उत्तम' असं लिहिलं. मग सहज विचारलं, तू का रे हात वर केला नाहीस?

"पायात काटा मोडलाय सर," तो म्हणाला, "दोन्ही हात तिकडं गुतलेत."

शेरा शाईनं लिहिला होता. तसाच ठेवला.

मग सेवाभाव. शाळेसमोर एक म्हातारी एकटी राहायची. वर्गात जाहीर केलं, की जो तिला मदत करेल त्याच्या नावापुढं नोंद होईल. नोंद या शब्दाची पोरांवर एवढी जादू होईल हे मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा जणांनी आडावरून पाणी आणून तिचा रांजण भरला. रांजण पाचव्या घागरीलाच भरला होता, पण उरलेल्या सहा जणांची नोंद कशी व्हायची? त्यांनी घागरी ओतल्याच. असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी म्हातारी काठी टेकत शाळेत आली आणि थेट हेडमास्तरांच्या खोलीत घुसली.

"तुमच्या पोरास्नी आवरा," ती म्हणाली. "घरात चिखल झालाय. चूल भिजली. काल आणि दोघं आली, म्हणली, तुला देवळात धरून नेतो. मला जायचं नव्हतं देवळात. तरी नेलं."

हेडमास्तरांनी मला बोलावलं. "सेवा बंद," ते म्हणाले.

त्यानंतर माझा उत्साह जो ओसरला तो ओसरलाच. श्रावणापर्यंत नोंदवही टेबलावर होती, गणपतीत खणात गेली, दिवाळीत माझ्या ट्रंकेत, सदऱ्यांच्या खाली. आणि जानेवारीतल्या एका शुक्रवारी शाळा सुटताना हेडमास्तर म्हणाले, "सोमवारी मुआयना आहे. इन्स्पेक्टर साहेब पुण्याकडचे आहेत. असं ऐकतो, की ते गणित-इंग्रजीला हात लावत नाहीत. ती तुमची नोंदवही तेवढी मागतात."

मी शनिवारी अर्धी शाळा करून एस.टी.नं तुळजापूर गाठलं. ट्रंक बरोबर होती. रविवारी सकाळी ओसरीत नोंदवही उघडून बसलो. एक्केचाळीस मुलं, पाच रकाने, सात महिने. माझ्या डोळ्यांसमोर सबंध नववी उभी राहिली आणि मला कळलं, की त्यांतल्या दहा-बारा जणांपलीकडं मी कुणालाच ओळखत नाही. बाकीचे म्हणजे मला नुसत्या टोप्या दिसत होत्या.

वडील पूजा आटोपून आले. म्हणाले, "काय खल चाललाय?"

मी सांगितलं, की एक्केचाळीस पोरांचे स्वभाव लिहायचेत.

"मग लिही की. नावं आहेत ना?"

"नावं आहेत. स्वभाव ठाऊक नाहीत."

वडिलांनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती मी इंटरच्या निकालाच्या दिवशी पाहिली होती. "अरे," ते म्हणाले, "नावाचं पहिलं अक्षर कळलं की रास कळते. रास कळली की स्वभाव कळतो. इथं लांबलांबून येणाऱ्या लोकांना मी उभ्या उभ्या सांगतो. तुला वर्षभर पगार घेऊन जमलं नाही?"

खुंटीवर पंचांग लटकत होतं. माझा हात त्याच्याकडं कसा गेला ते मला आजही सांगता येत नाही. मागच्या पानांत सगळं होतं: कुठल्या अक्षराला कुठली रास, आणि पुढं त्या राशीचा स्वभाव, छापील आणि शुद्ध भाषेत. परिपत्रकाच्या भाषेशी तर अशी जुळत होती, की दोन्ही एकाच माणसानं लिहिली असावीत. मी दुपारचं जेवण उरकून बसलो आणि दिवेलागणीच्या आत एक्केचाळीस जण संपवले. जून-जुलैला निळी शाई, पुढं काळी, डिसेंबरला पुन्हा निळी, जरा पातळ करून. हा तपशील माझा स्वतःचा, पंचांगातला नाही. ट्रकची पंक्चरं काढणाऱ्या मुसलमान मेकॅनिकच्या मुलालाही मी रास दिली. म्हटलं, सरकारी कामात भेदभाव नको.

जाता जाता माझी स्वतःची रास पाहिली. तूळ. वर्षफळात लिहिलं होतं: नोकरीत स्थैर्य. मी निश्चिंत झोपलो.

इन्स्पेक्टर साहेब सोमवारी अकराला जीपनं आले. किडकिडीत, धोतर-कोट, आवाज असा की ऐकायला पुढं वाकावं लागे. हेडमास्तरांनी पेढे पुढं केले. त्यांनी ताक मागितलं. मग नववीच्या वर्गात आले, माझ्या खुर्चीत बसले आणि नोंदवही उघडली. बराच वेळ पानं उलटत राहिले. हेडमास्तर दारात, मी फळ्याशी. अक्षरावर त्यांचं बोट थबकलं, मान हलली. मला वाटलं, झालो कायम.

"मास्तर," ते हलकेच म्हणाले, "आपल्या वर्गात बावीस जणांना सुगंधाची आवड आहे."

मी म्हणालो, "होय साहेब."

"एक्केचाळीसांत बावीस."

"होय साहेब."

आता त्याचं कारण सोपं होतं. आमच्या भागात बऱ्याच घरांत तुळजापूरच्या देवीच्या नावावरून पोराचं नाव ठेवतात, म्हणजे त आला. उरलेल्यांत काही राम आणि राजे, म्हणजे र आला. त आणि र दोन्ही तुळेत. तूळ म्हणजे शुक्राची रास: न्यायी, समतोल, व्यापारात हुशार, सुगंधाची आवड. हे मी आदल्या दिवशी बावीस वेळा सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं आणि मला एकदाही संशय आला नव्हता. उलट काम सोपं होतंय म्हणून मी देवीचे आभार मानले होते.

"सुगंधप्रिय विद्यार्थ्यांनी उभं राहावं," साहेब म्हणाले, आणि एकेक नाव वाचत गेले.

अर्धा वर्ग उभा राहिला. कुणालाच कळेना आपण काय केलंय. पहिला होता रॉकेलवाल्याचा मुलगा. तो वर्गात आला की रॉकेल आल्याचं न बघता कळायचं.

"तुला कुठला सुगंध आवडतो?"

पोरानं माझ्याकडं पाहिलं. मी आढ्याकडं पाहिलं. मास्तर अडचणीत आहे हे मात्र त्याला उमगलं असावं. "रॉकेलचा, साहेब," तो म्हणाला. "लई आवडतो."

साहेबांनी मान डोलावली आणि पान उलटलं. "जलप्रिय. पोहण्यात प्रवीण. कोण हा?"

मेकॅनिकचा मुलगा उठला. घरी दखनी बोलायचा, शाळेत मराठी, आणि घाबरला की दोन्ही.

"पोहतोस?"

"जी साहेब."

"कुठं?"

"बोरीत."

"आत्ता नदीला पाणी किती आहे?"

पोरानं खाली वाकून घोट्याला हात लावून दाखवला.

"मग पोहतोस कसा?"

"लेटके, साब."

वर्ग फुटला. हेडमास्तरांनी दारातूनच डोळे वटारले तेव्हा कुठं थांबला. पण मी पाहत होतो, आणि मला भरून येत होतं. पोरं माझ्यासाठी खोटं बोलत होती. पुढचा 'अश्वारोहणाची आवड' निघाला. त्याच्या घरी घोडा आहे का, असं साहेबांनी विचारलं, तर म्हणाला, "म्हैस हाय, पर बसाया येतं." 'गायनात निपुण' निघाला तो खरोखर गायला, आणि गाणं संपेपर्यंत साहेब हातातल्या ताकाच्या पेल्याकडं पाहत बसले. मी मनात म्हणत होतो, अजून चार-पाच जण निभावून नेऊ देत, की सुटलो.

"निर्भय," साहेबांनी वाचलं. "अंगी नेतृत्व. वाणी सिंहासारखी."

पुढच्या बाकावरची किराणा दुकानदाराची मुलगी उभी राहिली.

ही मुलगी वर्षभर एक शब्द बोलली नव्हती. घर लिंगायतांचं, घरात कानडी. जूनमध्ये मी तिला एक धडा वाचायला सांगितला होता. मराठीत कुठं 'ती' आणि कुठं 'तो' हे तिचं उलटसुलट झालं आणि मागचे बाक हसले. मीही हसलो होतो, हे आत्ता लिहिताना आठवतंय. त्या दिवसापासून तिनं तोंड उघडलं नाही. हजेरीलाही नुसता हात वर करायची. तिचं नाव म वरून, म्हणून सिंह. पंचांगात सिंहापुढं जे होतं ते मी उतरवलं होतं.

"बोल," साहेब म्हणाले. "काहीही बोल."

मागं कुणीतरी खुदकन हसलं. मी देवाला म्हटलं, हिला गप्पच ठेव. साहेब म्हणतील लाजाळू आहे, आणि पुढं जातील.

ती खालीच बघत होती. मग तिनं मान वर केली, पण माझ्याकडं नाही, साहेबांकडं.

"साहेब, ते आमचं रास हाय."

"काय आहे?"

"सर आमचं रास लिहिलाय. त वाले, र वाले सगळे तूळ. तो पाणीवाला कर्क. मी सिंह. आमचे अज्जा रोज सकाळी पंचांग वाचतेत, मला पाठ हाय." तिनं नोंदवहीकडं पाहिलं. "सर मला कधी बघितलाच न्हाय. मी वर्षभर बोललो न्हाय. मग वाणी कशी कळली?"

वाक्यावाक्यात 'तो' आणि 'ती' उलटेपालटे झाले होते. एकही बाक हसला नाही. दारात हेडमास्तर चष्मा काढून पुसत होते. तो काही घाण झालेला नव्हता.

"खरं?" साहेबांनी मला विचारलं.

तोवर माझ्या डोक्यात तीन उत्तरं तयार होती. योगायोग आहे. मुलगी घाबरली आहे. मराठी तिला नीट येत नाही. तिसरं सगळ्यांत सोयीचं होतं. जिभेवर आलंही होतं. पण ती उभीच होती, हात घट्ट धरून, आणि तिचे हात थरथरत होते. एवढं थरथरत असताना जो माणूस बोलतो त्याच्यापुढं आपण काय बोलणार?

"खरं, साहेब," मी म्हणालो. "रविवारी दुपारी लिहिलं."

साहेबांनी खिशातून तांबडी पेन्सिल काढली आणि तिच्या नावापुढच्या 'निर्भय' या शब्दाखाली एक रेघ ओढली. "मास्तर," ते म्हणाले, "एवढी एक नोंद बरोबर आहे." मग तिला म्हणाले, "बस, बाळ."

त्यांचा शेरा आठवड्यानं आला. 'हस्ताक्षर उत्तम. कल्पनाशक्ती आवश्यकतेपेक्षा अधिक. विद्यार्थ्यांचा शिक्षकावर लोभ दिसतो. शिक्षकाने विद्यार्थ्यांकडे पाहावे. आणखी एक वर्ष कच्ची नेमणूक.' हेडमास्तरांनी तो हातभर लांब धरून दोनदा वाचला. "मी खाने भरायला सांगितलं होतं," ते म्हणाले. "ग्रहांनी भरायला सांगितलं नव्हतं."

कारकुनाला ही बातमी माझ्या आधी पोचली. चैत्रात त्यानं मुलगी बार्शीकडं दिली. वडील म्हणाले, शास्त्र खोटं नाही, तुला वापरता आलं नाही.

पण त्याआधी, मुआयन्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्या मुलीचे वडील शाळेत आले होते. हातात नारळ आणि गुळाची ढेप. खुर्चीवर बसेनात. "सर, पोरीनं घात केला," ते म्हणाले. "गुरूला साहेबाम्होरं खोटं पाडलं. मी लई शरमिंदा हाय. उद्यापासून ती येणार न्हाय. दुकानात बसंल."

मी म्हटलं, "बसवा. पण मग माझ्या नोंदवहीत एक्केचाळीस जण खोटे राहतील. आत्ता चाळीस आहेत."

त्यांना ते काही नीट कळलं नसावं. म्हणाले, "म्हंजे पाठवू?"

"पाठवा."

नारळ त्यांनी ठेवला. गूळ परत घेऊन गेले, हे मला अजून खटकतं.

दुसऱ्या वर्षी तोच वर्ग दहावीला माझ्याकडं आला. मी नोंदवही ट्रंकेत ठेवली नाही. त्या वर्षी काय काय लिहिलं ते पाहिलं तर हसू येईल, कारण परिपत्रकाच्या रकान्यांत त्यातलं फार थोडं बसत होतं. रॉकेलवाल्याचा मुलगा उन्हाळ्यात रोज कुणाला न सांगता वर्गाच्या माठात पाणी भरतो, हात आधी राखेनं घासून, कारण त्याला आपल्या हाताचा वास ठाऊक आहे. मेकॅनिकचा मुलगा गणितात नापास होतो, पण शाळेच्या घंटेची तुटलेली कडी त्यानं मधल्या सुट्टीत जोडली. काटेवाल्या पोराची सचोटी, बारकाईनं बघता, खरंच उत्तम निघाली. ती मुलगी बोलायला लागली होती. तिचं 'तो' आणि 'ती' अजून अधूनमधून भांडत, पण आता हसणाऱ्याकडं ती अशी बघायची, की हसणं अर्ध्यावर राहायचं. वर्गात काही खटकलं की पोरं माझ्याकडं यायच्या आधी तिच्याकडं जात.

जानेवारीत तेच साहेब आले. ताक घेतलं, नोंदवही उघडली. या वेळी कुणालाही उभं केलं नाही. नुसते वाचत बसले, मधली सुट्टी होऊन गेली तरी. काही ठिकाणी मी रकाना रिकामा सोडून 'अजून कळले नाही' असं लिहिलं होतं. तिथं दारात उभे असलेले हेडमास्तर दर खेपेला खाकरत होते.

एका पानावर साहेब थांबले. "हीच का ती?"

"तीच, साहेब."

तिच्यापुढं मी सबंध वर्षात एकच वाक्य लिहिलं होतं: 'हिच्यासमोर खोटे लिहू नये.'

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि खाली सही केली. मग नोंदवही मिटता मिटता त्या बारीक आवाजात विचारलं, "मास्तर, आपली रास कोणती?"

"तूळ," मी म्हणालो.

"सुगंधाची आवड?"

"नाही, साहेब," मी म्हणालो. पुढच्या बाकावरून ती माझ्याकडं बघत होती.